शुक्राची कोर आणि हौसाबाईची दोरी

जामसंड्याचा फोटोग्राफर गुरुदास त्या संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात उभा होता. साल १९५८, जानेवारी महिना. उद्या सकाळच्या एस्टीने वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. विठोबामास्तरांचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता, उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरने साफ सांगितलं होतं, दिसेलच अशी हमी नाही.

मास्तरांनी जन्मभर शाळेत सांगितलं, शुक्रालासुद्धा चंद्रासारखी कोर असते. तरुणपणी रत्नागिरीला एका जज्जसाहेबाच्या दुर्बिणीतून मी ती पाहिलीय. कोण ऐकतो! गावाने त्यांचं नाव ‘कोरमास्तर’ पाडलं. ते हसण्यावारी नेत. पण दिसेनासं व्हायला लागलं तसे तेच धास्तावले. “रे गुरुदासा, माका खराच दिसली हुती, की मीच मनात धरून बसलंय?” असं रोज विचारायचे.

गुरुदासने मुंबईहून जुनी दुर्बीण आणली, पण तिच्यातून त्यांना नुसतं धुकं दिसे. मोठा फोटो उन्हात डोळ्याजवळ धरला तर मात्र अजून कळत होता. म्हणून फोटो हवा होता, आणि आजच हवा होता.

आता शुक्राचा फोटो म्हणजे काय बारशाचा फोटो आहे? एवढा मोठा करून बघायचा तर कॅमेरा दुर्बिणीच्या भिंगामागे चार बोटांवर, अगदी सरळ रेषेत राहायला हवा. केसभर कलला की ग्रह गायब! धोंडू सुताराने त्यासाठी फणसाच्या लाकडाची सरकती फळी करून दिली होती. फळीवर कॅमेरा चढला की दुर्बीण मागे कलंडायची, म्हणून पुढच्या टोकाला, मासे धरायच्या जाळ्याला वजनासाठी लावतात त्या शिशाच्या गुंड्या नेमक्या मोजून बांधायच्या. गुंड्या शेजारच्या गुणाजीच्या.

आज कॅमेरा चढवला आणि दुर्बिणीने तोंड आभाळाकडे केलं. गुंड्या कुठायत? दुपारी जाळ्याचं माप घ्यायला गुणाजी त्या घेऊन गेला होता. मेल्याने परत आणल्याच नाहीत, आणि आता होडी घेऊन समुद्रात!

गुरुदास धावत त्याच्या घरी गेला. गुणाजीच्या आईने, हौसाबाईने, तुळशीपुढे नुकताच दिवा लावला होता. गुंड्या समोरच खुंटीला लटकत होत्या.

“काकी, त्यो गुंड्यो दी गो!”

“अरे झिला, दिवो लागलो. तिनसांजेक घरातला काय भायर देवचंय नाय.”

“काकी, बाबा उद्या चल्ले!”

गुरुदासला रडू यायचंच बाकी होतं. तिकडे शुक्र माडांच्या शेंड्यांकडे उतरत होता. हौसाबाईने एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग गुंड्या काढल्या, त्यांना लांब दोरी बांधली आणि दोरीचं टोक आपल्या मुठीत गच्च धरलं.

“हातातसून सुटला नाय म्हंजे दिला नाय. चल बिगीन!”

आणि ती निघाली की हो! खळ्यात येऊन गुंड्या दुर्बिणीला लटकल्या, सैल दोरी हौसाबाईच्या मुठीत.

“काकी, हलू नको हां. दोरी ताणली तर सगळा गेला.”

“श्वास घेव की तोय नको?”

गुरुदासने काळा पुठ्ठा दुर्बिणीसमोर धरला, कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, थरथर थांबायची वाट बघितली. इतक्यात हौसाबाईला खोकल्याची उबळ आली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, पण मूठ हलली नाही. पुठ्ठा बाजूला. पुठ्ठा परत समोर. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, शुक्र झावळ्यांत शिरेपर्यंत.

गुरुदासने रात्रीच फिल्म धुतली. बहुतेक फोटोंत नुसता पांढरा फराटा. एकात, फक्त एकात, स्वच्छ कोर. तिचा त्याने मोठा फोटो केला. आभाळात दिसावी तशी, टोकं वर करून. मास्तरांना काही सांगितलं नाही.

सकाळी खळ्यात ऊन आलं. मास्तरांनी फोटो उजव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला. मग जरा लांब नेला, परत जवळ आणला. नाही दिसत, गुरुदासच्या मनात आलं.

तेवढ्यात मास्तरांनी फोटो फिरवला. टोकं खाली केली.

“उलटो दिलंस रे. दुर्बिणीत सगळा उलटा दिसता. माका दिसली ती अशी, टोकां खाली.” त्यांनी कोरेवरून बोट फिरवलं. “खराच दिसली हुती.”

मास्तरांनी फोटो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि काठी शोधायला हात पुढे केला.

“चल. आता डोळो गेलो तरी चलात. गाडी चुकात नायतर.”