शिकागोला बॅग उतरवायची

"माझं गुडघं दुखत्यात म्हणं. मला कुणी इचारलं न्हाई, आन गुडघ्यांनाबी न्हाई."

आई हे बॅगेला सांगत होती. त्याच गुडघ्यांनी बॅग दाबून धरून ती चेन ओढत होती. विजयश्री तिच्यासमोरच फरशीवर वजनकाटा हातात घेऊन बसलेली, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. तरी तिनं ऐकलं नाही. काट्याचा हुक बॅगेच्या मुठीत अडकवला, दोघींनी मिळून बॅग उचलली आणि तिनं आकडा वाचला. साडेचोवीस. तेवीसच्या वर चालत नाही, दीड किलो काढावं लागणार. त्यावर आईनं विचारलं की काय काढू, डिंक काढू का बाळाची दुपटी काढू, आणि उत्तराची वाट न बघता अण्णांचा स्वेटर काढला.

रविवारची सकाळ होती. बुधवारी आई आणि वडील, म्हणजे अण्णा, अमेरिकेला निघायचे होते. विजयश्रीचा धाकटा भाऊ सलिल तिकडे कोलंबस नावाच्या गावात राहतो. त्याच्या बायकोला, दिव्याला, आठवा महिना लागलेला, आणि मोठी ओवी पाच वर्षांची. बाळंतपणाला आई हवी, आणि आई निघाली की अण्णा निघणारच. मुक्काम सहा महिन्यांचा.

तिकिटं विजयश्रीनंच काढली होती. चाकणच्या ज्या कंपनीत ती बावीस वर्षं आहे, तिथं गाड्यांच्या पत्र्याचे साचे बनतात, आणि साच्यांच्या मागून इंजिनिअर, फिटर जगभर जातात. लागली तेव्हा ती स्टोअरमध्ये पावत्या फाडायची. एके दिवशी तिकिटं बघणारा माणूस नोकरी सोडून गेला, तीन पोरं मेक्सिकोला जायची होती, आणि साहेबांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. शिकवायला कुणी नव्हतं. चुकत गेली, शिकत गेली. आज कुठल्या विमानतळावर दीड तास पुरतो आणि कुठं तीन तासही कमी पडतात, हे ती भाजी निवडता निवडता सांगते. स्वतः मात्र अजून विमानात बसलेली नाही. सकाळी सव्वासहाला काळेवाडी फाट्यावर कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी उतरून आधी पिंपळे गुरवला आईकडे, तिथलं आवरून मग स्वतःच्या घरी. तिचा प्रवास एवढाच, पण त्यातही एक गाडी चुकली की पुढचं सगळं चुकतं.

अण्णांची विमानं तीन होती आणि कंपन्या दोन. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-शिकागो एकीची, शिकागो-कोलंबस दुसरीचं. दोघींची भागीदारी, म्हणून तिकीट एकच. पुण्यात बॅग दिली की तिला थेट कोलंबसची चिठ्ठी लागते. दिल्लीत तिला हातसुद्धा लावायचा नाही. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. गोची होते ती शिकागोला. अमेरिकेत पहिल्यांदा जिथं पाय टेकतो, तिथं आपली बॅग पट्ट्यावरून आपणच उतरवून घ्यायची, कस्टमवाल्यांसमोरून न्यायची आणि पलीकडच्या पट्ट्यावर पुन्हा टाकायची, चिठ्ठीवर कोलंबस लिहिलेलं असलं तरीही. नाही टाकली, तर एक कंपनी म्हणते आम्ही दिली, दुसरी म्हणते आमच्याकडे आलीच नाही, आणि दोघी फोनवर इतक्या गोड बोलतात की माणसाला वाटतं आपलीच काहीतरी चूक झाली.

कंपनीतल्या गणराजची बॅग अशीच मागं राहिली होती. मेक्सिकोत त्यानं नऊ दिवस तिथल्या एका जाड्या फोरमनची पँट कमरेला दोरीनं आवळून काढले. तेव्हापासून विजयश्रीनं तालीम सुरू केली. पहिल्यांदा निघालेल्या प्रत्येकाला मीटिंगच्या खोलीत रिकामी बॅग घेऊन चालायला लावायचं. हे टेबल दिल्ली, ती खिडकी अमुक गाव, आता सांग, इथं बॅगेचं काय करशील? पोरं हसायची. ताई, पुढच्या गणपतीत नाटक बसवा, म्हणायची. पण गणराजनंतर एकाचीही बॅग हरवली नाही.

तीच तालीम आज घरात होती. स्वयंपाकघर दिल्ली, हॉल शिकागो, गॅलरी कोलंबस. आणि हॉलमधली निळी प्लॅस्टिकची खुर्ची म्हणजे व्हीलचेअर.

व्हीलचेअर आईच्या नावावर होती. कल्पना सलिलची. खुर्ची मागितली की विमानतळावरचा एक माणूस ती ढकलत सगळीकडं नेतो. वाट शोधावी लागत नाही, कुठलं दार, कुठली रांग, काही बघावं लागत नाही. खुर्चीत बायको असली की नवऱ्यानं नुसतं मागून चालायचं. तेव्हा फोनवर असं ठरलं की आईचे गुडघे दुखतात. ही आई लिफ्ट बंद असली की दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढते आणि वर आल्यावर शेजारणीला विचारते, तुला एवढी धाप का लागती गं. त्या फोनवर कुणी कुणाला विचारलं नाही की मग खुर्ची नक्की कशासाठी.

कुणी विचारतच नव्हतं. मागच्या दिवाळीत अण्णा झेंडू आणायला पिंपरीच्या मंडईत गेले आणि संध्याकाळी एका रिक्षावाल्यानं त्यांना दापोडीच्या पुलाजवळून आणून सोडलं. दुसरी शिफ्ट आहे, गेटवर सोड, असं ते त्याला सांगत होते. त्यांच्या कंपनीचं ते गेट बंद होऊन चौदा वर्षं झाली. आई म्हणाली, ऊन लागलं. सलिल म्हणाला, चष्म्याचा नंबर बदलला असेल. विजयश्री त्यांना घेऊन नंबर तपासून आली. नंबर तोच होता. हे तिनं दोघांनाही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, हे तिला पक्कं माहीत होतं. सांगितलं असतं तर जाणं रद्द झालं असतं. आणि तिला ते सहा महिने हवे होते. त्या सहा महिन्यांत ती काही करणार नव्हती. बसमधून उतरून सरळ घरी जाणार होती, पायातली चप्पल काढून पाच मिनिटं कुणाशीही न बोलता बसणार होती. इतकंच. पण इतक्या लहान गोष्टीसाठी आपण एवढी मोठी गोष्ट गिळून बसलो आहोत, हे रात्रंदिवस जाणवायचं आणि त्यानं ती आणखी दमायची.

शिवाय तिला एक गोष्ट ठाऊक होती जी घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. मदतीच्या अर्जात गुडघ्यांच्या खाली आणखी एक रकाना असतो. चालता येतं, पण वाट उमगत नाही, कागदपत्रं सांभाळता येत नाहीत, अशा प्रवाशासाठी. अशा माणसाला एका विमानाच्या दारापासून दुसऱ्याच्या दारापर्यंत कुणीतरी सोबत असतं. बॅगही सोबतीचा माणूसच उतरवतो, पुन्हा टाकतो. मात्र दोन्ही कंपन्यांना अठ्ठेचाळीस तास आधी कळवावं लागतं. म्हणजे उद्यापर्यंत. तो रकाना तिनं चार वेळा बघितला होता आणि चारही वेळा गुडघ्यांवरच खूण केली होती.

बुधवारी काय होईल, तेही तिला दिसत होतं. खुर्ची ढकलणारा माणूस मागं वळून बघत नाही. खुर्चीतल्या बाईचं तोंड पुढं. आणि मागून चालणारा म्हातारा शिकागोच्या गर्दीत कुठल्या बंद गेटच्या दिशेनं वळेल, हे कुणाला कळणार?

अण्णा खोलीतून बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून. तालीम म्हणजे तालीम. त्यांचं नाव चिमाजी, पण घरादारात सगळे अण्णाच म्हणत. अठ्ठ्याऐंशी साली त्यांना कंपनीनं मशीन शिकायला चार महिने जर्मनीला पाठवलं होतं. पिंपळे गुरवातून विमानानं परदेशी गेलेला पहिला माणूस मी, असं ते सांगत. त्या वेळी त्यांचीही बॅग दोन दिवस उशिरा आली होती, आणि ती गोष्ट ते कुठलाही तपशील न चुकता सांगत. शर्टाचा रंगसुद्धा.

टीपॉयवर फोन उभा करून ठेवला होता आणि त्यात सलिल होता. तिकडं शनिवारची रात्र. अण्णांना काय तालीम द्यायची, ते जर्मनी करून आलेत, असं तो हसत म्हणाला. अण्णाही हसले.

पहिल्या फेरीत त्यांनी दिल्लीतच, म्हणजे ओट्याजवळच, बॅग उचलली. खुर्चीत बसलेल्या आईनं हातातल्या बांगड्या वाजवल्या. अण्णांनी बॅग खाली ठेवली आणि म्हणाले की कुलूप लागलंय का ते बघत होतो. सलिल म्हणाला, बरोबर, बघावंच.

दुसऱ्या फेरीत ते शिकागोतून बॅग न घेता तडक कोलंबसला गेले आणि कठड्याला रेलून खालचा रस्ता बघत राहिले. बांगड्या दोनदा वाजल्या, पण गॅलरीपर्यंत पोचल्या नाहीत. विजयश्रीनं हाक मारली, अण्णा, बॅग राहिली.

"राहिली न्हाई, ठेवली," अण्णा म्हणाले. "फ्रँकफर्टला ती आपसूक येती. आन तिथं बर्फ असंल, माझा स्वेटर वर ठिव."

मग सलिल म्हणाला की त्यांना प्रवासाची धाकधूक असेल, प्रत्यक्ष वेळेला बरोबर सुचेल. आणि आईच्या गुडघ्यांसाठी माणूस आहेच की बरोबर. आई म्हणाली, व्हय, हायेच. मग उठली, तुरुतुरु स्वयंपाकघरात गेली, अण्णांसाठी पाणी घेऊन आली आणि पुन्हा खुर्चीत बसली. आपल्याला चालता येत नाही हे तिला बसल्यावर आठवलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

तिसऱ्या फेरीआधी विजयश्री आईजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "आई, या वेळी बांगड्या नको."

"मंग त्यांना कसं कळायचं?"

हे आईच्या तोंडून निसटलं. तिघांनीही ते ऐकलं, फोनमधला धरून चौघांनी. खाली भंगारवाल्याची हाळी गेली. मग विजयश्रीनं कंपनीतल्या आवाजात, जो तिला घरात कधी लागत नाही, सांगितलं की चला, दिल्लीहून निघालो, पंधरा-सोळा तास झाले, आता शिकागो.

अण्णा हॉलच्या मधोमध आले. समोर बॅग होती, मुठीला आईच्या जुन्या साडीची केशरी चिंधी बांधलेली. त्यांनी चिंधी बोटांत धरली, सोडली. आईकडं बघितलं. आईनं दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले होते, बांगड्या वाजू नयेत म्हणून. त्यांनी विजयश्रीकडं बघितलं. ती फरशीकडं बघत होती. फोनकडं बघितलं, तर सलिल कुठंतरी बाजूला बघत होता.

त्यांनी बॅग आडवी केली, बेतानं तिच्यावर बसले आणि बुटाची लेस सोडायला लागले. विजयश्री पुढं झाली. सोडते मी, म्हणाली. त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

"विजू, ती खुर्ची कुणाच्या नावानं हाय?"

"आईच्या."

"का?"

"तिचे गुडघे..."

अण्णांनी एक बूट काढला, बाजूला नीट ठेवला. दुसरा काढला, तो पहिल्याच्या शेजारी लावला. कामावरून आल्यावर लावायचे तसे, टाचा भिंतीकडं करून. त्यांची घाई चालली नव्हती.

"तिचं गुडघं माझ्यापरीस धड हायेत," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली, मला समजतंय. तुमी समजू देत न्हाई म्हणून मीबी समजू दिलं न्हाई. खुर्ची माझ्या नावानं कर. आन गुडघं लिहू नगंस. मला आता आठवत न्हाई, असं लिही."