एकशे तेहतीस दाणे

लेकीने पाठवलेला खोका उघडला तेव्हा शिक्केकाकांनी यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी पुस्तिका काढली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. यंत्र बिचारं पुठ्ठ्यात दीड तास तसंच पडून होतं.

शिक्के हे त्यांचं आडनाव नव्हे. पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते तपासनीस होते. पंप चालला की ‘पास’चा शिक्का, अडखळला की ‘नापास’चा. निवृत्तीच्या दिवशी लोक भिंतीवरचं घड्याळ नाहीतर शाल मागतात; यांनी ते दोन रबरी शिक्के आणि शाईची डबी मागून घेतली. तेव्हापासून घरात आलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताखालून गेली. छत्री पास, नवी उशी नापास, इस्त्री दुसऱ्या प्रयत्नात पास. जावयाला तोंडी पास केलं होतं. शिक्का मारायचा तेवढा राहून गेला.

तर हे यंत्र. ताटाएवढं गोल, काळं, जमिनीलगत फिरून केर ओढणारं. कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा त्याचा खांब. फिरून झालं की ते मागे मागे जात खांबाला पाठ लावणार, आणि मग घरघर आवाज करत खांब त्याच्या पोटातला केर आपल्या पिशवीत ओढून घेणार. दोन महिने आपण हात लावायला नको.

“आपलं पोट आपणच रिकामं करतं!” काका कौतुकाने म्हणाले.

“बरंय बाई,” काकू म्हणाल्या. “या घरात कुणीतरी आपलं आपण करतंय.”

काकांचा चहाचा रिकामा कप त्याच वेळी काकूंच्या हातात होता, पण टोमणा लागायला माणसाचं लक्ष असावं लागतं. काका कागदावर रकाने आखत होते.

“तीस दिवसांच्या आत परत करता येतं,” ते म्हणाले. “पूर्ण चाचणी घेऊ. पास झालं तर बाईंना सांगून टाकायचं. एका कामाला दोन यंत्रणा कशाला?”

काकूंच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला.

बाई म्हणजे घड्याळबाई. सकाळी दहाच्या ठोक्याला बेल वाजायची, एकदाच, आणि तिच्यावर इमारतीतल्या लोकांनी घड्याळं लावून घ्यावीत इतकी नेमकी. अर्ध्या तासात केर व्हायचा. साडेदहा ते अकरा स्वयंपाकघरात दोघींचा चहा. सतरा वर्षं. बाईंची सून, काकूंची पाठ, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन भावांनी फ्रीजसाठी धरलेला अबोला, सगळं त्या अर्ध्या तासात मावायचं. काकांशी बोलणं म्हणजे विचारलेल्याला उत्तर देणं. पुरं वाक्य न बोलता ज्याला कळावं असं काकूंना जगात हे एकच माणूस होतं, आणि ते आता एका ताटाच्या परीक्षेवर लटकलं होतं.

चाचण्या सुरू झाल्या. आणि सुरू झाल्यावर काकूंच्या लक्षात आलं की यंत्र फिरायच्या आधी घर आवरावं लागतं. चपला उचला, वायरी गुंडाळा, खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवा, सतरंजीचे गोंडे आत दुमडा. पहिल्याच दिवशी त्याने काकांच्या बुटाची नाडी गिळली आणि दाराशी जाऊन रडत बसलं. मग काकूंनी कंबर कसली. आता त्या पाऊण तास आवरत, यंत्र चाळीस मिनिटं फिरे, आणि काका बाजूने वही घेऊन चालत. तसा काकूंना या कामाचा सराव होताच. घड्याळबाई यायच्या आधीही त्या घर आवरून ठेवायच्या. केर काढायला येणाऱ्या बाईला केर दिसला तर ती काय म्हणेल!

लेकीच्या फोनवर घराचा नकाशा उमटायचा. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“आई, हॉलमध्ये खिडकीशी एक कायमचा अडथळा दाखवतंय. काय आहे तिथे? कपाट हलवलंत का?”

“नाही गं. बाबांची खुर्ची आहे. बाबांसकट.”

“थोडा वेळ उचलून ठेवता येईल?”

“चाळीस वर्षं प्रयत्न करतेय,” काकू म्हणाल्या.

आवाज पास, कोपरे पास, उंबरठा चढणं दुसऱ्या प्रयत्नात पास. एकोणतिसावा दिवस उजाडला आणि शेवटची चाचणी उरली, ती वजनाची. काकांना त्या खांबाचा मनातून राग होता. केर आत जातो, पिशवी बंद, दिसत काहीच नाही. “तो म्हणतो उचलला. आपण नुसतं ऐकून घ्यायचं?” आता खांबात कोरी पिशवी लावायची, मोजलेला केर जमिनीवर टाकायचा, आणि पिशवी उघडून परत मोजायचा. नव्वद टक्के आला तर पास.

केराची कृती त्यांनी स्वतः ठरवली. वीस ग्रॅम पीठ, वीस ग्रॅम वाळू, दहा ग्रॅम तांदूळ. तांदळाचे दाणे मोजून घेतले: चारशे चौसष्ट. त्यात आदली संध्याकाळ गेली. मध्येच काकूंनी “भाजी कसली करू?” विचारल्यामुळे दोनशे अकरावरून पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली.

सकाळी नऊ वाजता त्यांनी तो पन्नास ग्रॅम केर हॉलभर आणि आतल्या खोलीत पलंगाखालपर्यंत इतक्या मायेने पसरला की जन्मात कधी जमिनीवर काही सांडलं नसेल असं वाटावं. “हात लावू नकोस,” असं बजावून आंघोळीला गेले.

काकू दारात उभ्या राहिल्या. मनात सरळ हिशेब होता. नव्वद टक्के म्हणजे पंचेचाळीस ग्रॅम. पंधराएक ग्रॅम आपण आधीच उचलले की यंत्र नापास, खोका बंद, आणि साडेदहाचा चहा सुखरूप. त्यांनी हातझाडू घेतला, पलंगाखाली वाकल्या, कमरेत कळ आली ती दाताखाली दाबली, आणि एक कोपरा साफ केला. वजनकाटा लागला नाही. चिमटीने मीठ घालणाऱ्या हाताला पंधरा ग्रॅम कळतात.

मात्र केरभरणीतलं ते सगळं डब्यात टाकायला गेल्या आणि हात अडला. पीठ, वाळू ठीक होतं. पण तांदूळ! चांगले, निवडलेले तांदूळ कचऱ्यात? आजवर असं पाप केलं नव्हतं, ते या खोक्यापायी करायचं? काकूंनी उभ्या उभ्या एकेक दाणा वेचला, धुतला, वाटीत घातला आणि वाटी साखरेच्या डब्यामागे सारली.

दहाला बेल वाजली. काकांनी घड्याळबाईंना दारातच परिस्थिती समजावून सांगितली. “आज केर काढायचा नाही. आज केर मी टाकलाय.”

बाईंनी हॉलमधल्या पिठाकडे पाहिलं, मग काकांकडे. “तुम्ही टाकला होय, साहेब? बरं झालं सांगितलंत. मी म्हटलं, ताई आजारी पडल्या.”

जिन्याचा केर काढून त्या आल्या होत्या. हातात भरलेली केरभरणी तशीच होती. काका लेकीला फोन करायला गॅलरीत गेले, कारण यंत्र सुरू करायचं बटण तिच्या फोनवर होतं. काकू स्वयंपाकघरात आधण ठेवत होत्या. हॉलमध्ये दोन मिनिटं घड्याळबाई एकट्याच होत्या.

यंत्र निघालं. गेलं, आलं, वळलं, पलंगाखाली शिरलं, काकांच्या खुर्चीला मानाने वळसा घातला, खांबाला पाठ लावली, घरघरलं. काकांनी पिशवी काढली, ताटात रिकामी केली, केर काट्यावर ठेवला.

पन्नास. नेमके पन्नास ग्रॅम.

काकूंनी वाकून आकडा पुन्हा वाचला. हे कसं झालं? घड्याळबाईंचा चेहरा मात्र उजळला. “बघा साहेब! पास!”

काकांनी शिक्का उचललाच नाही. ते काट्याकडे बघत राहिले.

“एकतीस वर्षांत,” ते सावकाश म्हणाले, “एकही पंप नेमका आकडा देत नव्हता. थोडा वर, थोडा खाली. नेमका आकडा आला की समजायचं, कुणीतरी हात घातलाय.”

त्यांनी भिंग आणलं. ताटातून चिमट्याने काहीतरी उचललं. हिरवा पापुद्रा. आणखी एक. या आठवड्यात जिन्याच्या कठड्याचा जुना हिरवा रंग खरवडायचं काम चालू होतं.

“बाई, माझ्या केरात जिना कुठून आला?”

घड्याळबाई पदराशी चाळा करू लागल्या.

काकांनी दाणे मोजायला घेतले. दोघी समोर उभ्या. निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तशा. चहा उकळून उकळून काळा झाला. “तीनशे एकतीस,” काका म्हणाले. “एकशे तेहतीस गायब.” मग ते उठले, सरळ स्वयंपाकघरात गेले आणि वाटी घेऊन आले. त्यांना साखर हवी असते तेव्हा डबा सापडत नाही. आज डब्यामागची वाटी सापडली. मोजायची गरज नव्हती, तरी मोजले. एकशे तेहतीस.

“हे तर धुतलेले आहेत,” ते खरोखरच चक्रावून म्हणाले. “अगं, चोरी करायची ती करायची, आणि मुद्देमाल धुवायचा?”

“मग काय, वाळूसकट ठेवू?” काकू उसळल्या. “तांदूळ आहेत ते! आणि हो, मीच उचलले. नापास व्हायला हवं होतं मला ते. पास झालं की तुम्ही बाईंना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणणार. ठरवलंयत तुम्ही. मला कुणी विचारलं?” मग त्या घड्याळबाईंकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. “आणि तू! तू त्यात भर घातलीस? तुला पास करायचं होतं त्याला?”

सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ‘तू’ निघालं होतं. घड्याळबाई खाली बसल्या. बसताना त्यांनी खुर्चीचा हात धरला, आणि तरी तोंडून “आई गं” आलंच.

“ताई, मला काय माहीत ते माझ्या जागी येणार? साहेबांनी मला कुठे सांगितलं? मला वाटलं, ते माझ्या हाताखाली येतंय.” त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “हे वाकत नाहीत आता. खरं सांगू? रागावू नका. सहा महिने झाले, मी पलंगाखाली झाडूच घातलेला नाही. तुम्हाला दिसेल म्हणून रोज धास्ती. म्हटलं हे ताट आलं की पलंगाखालचं ते बघेल. म्हणून टाकला जिना. नापास झालं असतं तर मलाच काम सोडावं लागलं असतं.”

काकू त्यांच्या शेजारी टेकल्या.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच आठवड्यात कळलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून साडेनऊला मीच काढत होते पलंगाखालचं.”

“म्हणून तुमची पाठ...”

“म्हणून पाठ.”

“आणि पाठ म्हणून लेकीने...”

“म्हणून हे.”

दोघींनी कोपऱ्यातल्या खांबाकडे पाहिलं. त्याच्या दिव्याची निळी उघडझाप चालू होती. या सगळ्यात आपला काय दोष, असं म्हणत असावा. आधी घड्याळबाईंना हसू फुटलं, मग काकूंना, आणि काकूंना हसताना कमरेत कळ आली तरी त्या हसत राहिल्या.

काका हसले नाहीत. ते वही घेऊन बसले होते. पलंगापासून चार हातांवर त्यांची खुर्ची, मधलं दार कायम उघडं. सहा महिने रोज साडेनऊला त्यांच्या डोळ्यांसमोर एक बाई कंबर धरून वाकत होती, आणि ते त्या वेळी वर्तमानपत्रात परदेशातल्या पुलाचा एक खांब कसा निकृष्ट होता ते वाचत होते. त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग शिक्का मारल्याचा आवाज आला. मग दुसरा.

“उद्या शेवटचा दिवस,” काकू म्हणाल्या. “परत करायचं का, ते तरी सांगा.”

“ठेवायचं,” काका म्हणाले. “पलंगाखाली आणि कपाटाखाली ते. बाकी घर बाई. यंत्र बाईंच्या देखरेखीखाली चालेल. बटणाचं लेकीला सांगून त्यांना शिकवतो.”

“मला येतं,” घड्याळबाई म्हणाल्या. “सुनेकडे आहे तसलंच. तिच्याकडचं तर बोलतं पण.”

काका आत गेल्यावर काकूंनी वही उघडली. ‘यंत्र’ या रकान्यासमोर ‘पास’. त्याखाली चाचणी रद्द झाल्याची चार ओळींची नोंद, जिन्याच्या रंगासकट. सगळ्यात खाली ‘तपासनीस’ असा आखलेला रकाना होता. तिथे सही करायची असते. तिथे सही नव्हती. ‘नापास’चा शिक्का होता. शाई जरा पुसट लागली होती, पण वाचता येत होती.

काकूंनी वही मिटली. काकांच्या खुर्चीशी चहाचा रिकामा कप आजही पडलेला होता. त्या दिवशी त्यांनी तो उचलला नाही, आणि अर्ध्या तासाने पाहिलं तर तो मोरीत होता. विसळलेला नव्हता, पण मोरीत होता.

आठवड्याने लेकीचा फोन आला.

“आई, आता स्वयंपाकघरातसुद्धा अडथळे दाखवायला लागलंय. दोन. रोज साडेदहा ते अकरा. मधोमध आहेत, त्याला वळायलाच जागा नाही. काय ठेवलंयस तिथे? उचलून ठेव ना.”

काकूंनी समोर पाहिलं. घड्याळबाईंनी दुखरे पाय लांब सोडले होते आणि बशीत ओतलेल्या चहावर त्या फुंकर घालत होत्या. यंत्र त्यांच्या पावलाला येऊन टेकलं, थबकलं, मागे झालं, पुन्हा टेकलं.

“नाही गं,” काकू म्हणाल्या. “त्याला म्हणावं, वळसा घालून जा.”