दिवाळसणाची मोटर

"फट् फट् फट्... फुस्स."

गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, ऐन मध्यावर मोटर पुन्हा बंद पडली आणि माझ्या सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. रडायला नाही, हसायला.

"इवाई," त्या आबांना म्हणाल्या, "ही मोटर हाय का म्हातारीचा खोकला?"

आबा म्हणजे माझे वडील, आश्रुबा. ते मोटरीच्या चाकाला दोरी गुंडाळत राहिले. माझा नवरा मार्तंड कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन पाण्याकडे असा बघत होता, जसं काही तो दुसऱ्याच नावेत बसलाय. आणि मी? मला वाटलं, गंगामाय, आता मला पोटात घे बाई.

मागच्या काठावर सासरचं निम्मं गाव मोटरीची नाव बघायला जमलं होतं. पुढच्या काठावर माझी माय, दगडाबाई, ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. हसं व्हायचं तर दोन्ही काठांवर व्हायचं.

हे सगळं आबांनीच ओढवून घेतलेलं. आबा पंपाचे मेकॅनिक. आसपासच्या गावांत कुणाचं इंजन अडलं की आबांना बोलावणं येई. कुठल्याशा सरकारी लिलावातून त्यांनी पुरात माणसं काढायच्या नावेची ही जुनी मोटर आणली, उघडली, सांधली आणि आमच्या नावेला मागून बसवली. आणि माझ्या लग्नात, भरल्या मांडवात, छाती फुगवून बोलून गेले, "दिवाळसणाला माझी लेक गंगाखेडच्या पुलाचा वळसा घालून यष्टीनं येणार न्हाई. लेक, जावाई आन इहीनबाई, तिघांला मोटरीच्या नावंतून नेतो!"

सासूबाई, सरजाबाई, तेव्हाच हसल्या होत्या. नंतर सासरी भाकरी थापताना मला रोज तेच. "काय गं कुसुम, तुझ्या बापाची मोटर कवा यायलीय?" मी वरून हसायची आणि आतून जळायची. आबांचा शब्द खरा व्हावा, बस, एवढंच मला त्या दिवाळीला हवं होतं. लुगडं नको, काही नको.

आणि त्या सकाळी आबा न्यायला आले ते घामाघूम होऊन वल्ही मारत. "पेट्रोल वाचिवलं," म्हणाले. मी काय समजायचं ते समजले.

आबांनी प्लग काढला, धोतराला पुसला, लोखंडाला टेकवून दोरी ओढली. "ठिणगी तर हाय," ते पुटपुटले. नळी काढून फुंकली. तीही मोकळी होती.

"पेट्रोल हाय का बगा की मामा," मार्तंडला एकदाची वाचा फुटली.

"आवो जावाईबापू, काठोकाठ हाय. हे बगा." आबांनी टाकीचं टोपण फिरवलं. 'सुस्स' असा आवाज झाला. टाकी खरंच भरलेली होती. आबांनी टोपण घट्ट लावलं, दोरीला हिसका दिला आणि मोटर धडधडली! मागच्या काठावर पोरांनी आरोळी ठोकली. मी आनंदानं उठायलाच निघाले तर पुन्हा, फुस्स.

पुन्हा टोपण उघडलं, पेट्रोल बघितलं, टोपण लावलं, हिसका. सुरू. थोडं पुढे गेलो, बंद.

"घरी पान्याच्या पिपात लावली तवा तर वाघावानी चालली," आबांचा आवाज उतरला होता. "कामून बंद पडायलीय, काई समजंना." आबांचं तोंड एवढंसं झालेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मला सासूबाईंचा असा राग आला, की विचारू नका.

तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "इवाई, तेलाच्या डब्याला तुमच्या घरी भोकं किती पाडतेत?"

"आवो इहीनबाई, हितं माझी इज्जत चाललीय आन तुमाला डबा सुचायलाय!"

"सांगा तर."

"दोन."

"एक कामून न्हाई?"

"एकानं तेल पडत न्हाई. वारं आत जायला दुसरं लागतंय..." बोलता बोलता आबा थांबले.

"मी मघाधरनं बगायले," सासूबाई म्हणाल्या. "टोपण उघडलं की तुमची मोटर चालती. लावलं की जरा चालून मरती. पिपात लावली तवा टोपण लावलं व्हतं का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "वरून पेट्रोल वतायलो व्हतो."

आबांनी टोपणावर अंगठा घासला. आम्ही सगळे वाकलो. टोपणाच्या मधोमध हवेचं बारीक भोक असतं. ते कुठंच दिसत नव्हतं. त्यावर शेंदराचा वाळलेला जाड थर बसला होता.

दरवर्षी खंडेनवमीला पान्हे, हातोड्या, इंजनं, सगळ्यांची पूजा माय करायची. या मोटरीत तीन घोड्यांचं बळ आहे असं तिनं आबांकडून ऐकलं आणि ठरवूनच टाकलं, हा मारुतीच. त्यामुळे बाकी हत्यारांना हळदकुंकू आणि हिला तेलात कालवलेला शेंदूर. त्या वर्षी लेकजावयाला आणायचं, म्हणून अंमळ सढळ हातानं.

आबांनी नखानं थर खरवडला, खिशातली आगकाडी भोकात घालून फिरवली, टोपण लावलं आणि दोरी ओढली. मोटर सुरू झाली. आम्ही श्वास रोखून बसलो. मोटर चालतच राहिली. मी टाळ्या पिटल्या, मार्तंडनं शिट्टी मारली, आणि आबा असे खदखदून हसले की नाव हलायला लागली.

मग एकदम गंभीर होऊन त्यांनी पुढच्या काठाकडे पाहिलं. "इहीनबाई, एक इनंती हाय. तिनं मोठ्या हौसंनं लावलाय. आपुन म्हनू, पलग गेलता."

सासूबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "पलगच गेलता," त्या म्हणाल्या. "मी डोळ्यानं बघितला की." आणि लगेच, "पर आता एक चक्कर मारा बरं! आमच्या गावाला दिसू द्या, कुनाच्या लेकीला आणलंय आमी!"

आबांनी नाव अशी गरकन फिरवली! सासूबाई पदर खोचून ओरडत होत्या, "आजून येक! आजून येक!" आणि काठावरून माय ओरडत होती, "आवो, निरांजन इझायलंय माझं! कामून गोल फिरायलाव?"

काठाला लागल्यावर तिनं विचारलंच. "मदी बंद कामून पडली व्हती?"

"पलग गेलता," आम्ही चौघं एका सुरात म्हणालो.

पुढे सासूबाईंनी मोटरीवरून मला कधी टोमणा मारला नाही. उलट भावकीत त्याच सांगायच्या, "माझ्या इवायाची मोटर हाय."

आता गावाजवळूनच पूल झालाय. नाव कुजून गेली. आबाही गेले. मोटर तेवढी घरात लाकडी ठोकळ्यावर उभी आहे. आबा असेतो खंडेनवमीला पूजेआधी टोपणाच्या भोकात आगकाडी खोचून ठेवत. माय विचारायची, कामून वो? "कंपनीचा नियम हाय," आबा म्हणायचे. त्यांच्यामागे काडी खोचायला मी जाते.

यंदा यष्टी उशिरा आली. पोचले तर पूजा झालेली. मोटरीला ताजा शेंदूर, झेंडूची माळ, आणि टोपणाच्या भोकात काडी उभी.

"माय, काडी तू लावलीस?"

"मंग कोन लावंल?"

"तुला काय माहीत, कशाला लावायची ते?"

माय हसली. "त्या दिवाळीला मी वोवाळायले, तर ह्यांचं बोट शेंदरानं माखल्यालं. म्हने पलग गेलता! पलगाला कोन शेंदूर लावतंय गं?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"ते माझ्यासाठी खोटं बोलले. मी कशाला खरं बोलू?"

मायनं काडी अलगद फिरवून बाहेर काढली. भोकावर हलकेच फुंकर मारली आणि टोपणाची कड पदरानं पुसून घेतली.