पलीकडून ओ येईना

“पोट्टेहो, आहा का?”

दिवेलागणीला मायची ही हाक बांधावरून यायची. वांग्यांच्या ओळींतून मी आणि आदेशदादा “हाव!” म्हणायचो. एखाद्या वेळी आमची ओ गेली नाही, की हातातली टोपली टाकून माय धावत यायची. गवतात साप फार.

आता तीच माय, कुसुमबाई, रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवते, “आदेश, जेवला का रे बाबू?” दादा बायकोला घेऊन आला तेव्हा मायनं तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. दादा “येतो” न म्हणताच गेला. मायच्या मेसेजपुढे एकच टिक उमटते, पोचल्याची दुसरी येत नाही. मायला वाटतं, कामात असेल.

मी वर्ध्याला शेतपंपांचं सॉफ्टवेअर लिहिते. पंपाजवळची पेटी आमच्या सर्व्हरशी जोडलेली असते. मागे वडनेरकडचा एक पंप पडद्यावर हिरवागार दिसत राहिला. तिकडे वीज पडून पेटी कधीचीच जळाली होती, आणि भेंडी उभ्या उभ्या सुकत होती. पेटी निरोप घेऊन गेली तर सर्व्हरला कळतं. अशी अचानक गेली, तर तो बिचारा जोडणी धरून बसतो. म्हणून त्याला मी हाक मारायला शिकवलं.

शेतात भेंडी तोडता तोडता मायला हे सांगितलं. बाबा शेजारीच पोतं शिवत होते.

“अन् ओ नाई आली तं, आचल?” मायनं विचारलं.

“पुन्हा हाक मारते. तीन डाव.”

“मंग?”

“मंग गेला समजून सोडून देते.”

“तुह्या सर्व्हरले लेकरू नाई, म्हणून सोडते,” माय म्हणाली आणि एकटीच हसली. बाबांनी मान वर केली नाही.

थोड्या वेळानं तिनं पदराला हात पुसले, फोन तोंडाजवळ धरला.

“आदेश, भेंडी लय निघून राह्यली रे. येजो. सुनेलेही घेऊन येजो. मी चुकली, बाप्पा.”

हे ती पहिल्यांदाच बोलली. एक टिक उमटली. ती दुसरीची वाट बघत राहिली.

बाबांच्या हातातलं दाभण थांबलं.

“आचलची माय, ठेव तो फोन. पोळ्यालेच नंबर बदलला त्यानं. नवा माह्याजोळ आहे. मायले देऊ नका म्हणे.”