उंबऱ्यातली साखर

प्रियदर्शनी काल सकाळी मेलबर्नला निघाली, तेव्हापासून अंबूबाईंनी केरसुणीला हात लावला नव्हता. माणूस पोचल्याचं कळल्याशिवाय मागं घर झाडायचं नाही, आणि झाडल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही, ही त्यांच्या माहेरची, शिरोळची रीत. त्यांचे यजमान जोतीराम एस.टी.वर ड्रायव्हर असताना रोज मलकापूरची गाडी नेत. दीड तासाची वाट. तेव्हा रीत पाळायला काही जात नव्हतं. पण लेक निघाली होती दहा हजार किलोमीटरवर, आणि अंबूबाईंना शुगर. कालपासून शेजारणीकडचा बिनसाखरेचा चहा आणि चार बिस्किटं, एवढ्यावरच बाईंचं चाललं होतं.

"अगं, इमानाला तुझी केरसुणी आडवी येतीया व्हय?" जोतीराम चिडले.

"येऊ दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. मी झाडणार न्हाय."

जोतीरामांनी कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं होतं. रात्री साडेअकराला मुंबई सुटली, साडेपाच तासांनी सिंगापूर, तिथं तीन तास थांबा, मग आणखी साडेसात तास. खोलीवर जाईपर्यंत आपल्याकडचे पाच वाजणार, संध्याकाळचे.

फोन मात्र सकाळी सातलाच वाजला.

"आई, पोचले गं! आता झाड आणि जेव बघू."

जोतीरामांनी घड्याळाकडं पाहिलं. जन्मभर वेळापत्रकावर गाडी हाकलेला माणूस तो, त्याला काय कळायचं राहतंय? पोरगी सिंगापुरात बसून आईसाठी खोटं बोलत होती. तरी ते मोठ्यानं म्हणाले, "बघ, टायमाच्या आधी पोचली गाडी!"

अंबूबाईंनी काही विचारलं नाही. स्वयंपाकघर झाडलं, बाहेरचा सोपा झाडला, भाकरी-पिठलं केलं आणि पोटभर जेवल्या. जोतीरामांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांचं लक्ष उंबऱ्याकडं गेलं. निघताना लेकीच्या हातावर दही-साखर घातली होती, त्यातली सांडलेली साखर तिथं तशीच होती. मुंग्या लागल्या होत्या.

"हितलं ऱ्हायलं की गं."

"ऱ्हाऊ दे. पाच वाजता काढते."

जोतीरामांची नजर कॅलेंडरकडं गेली.

"तुमचं कॅलेंडर मला दिसत न्हाय व्हय?" अंबूबाई म्हणाल्या. "पण मी जेवले नसते तर पोरीला तिकडं अन्न गोड लागलं नसतं. म्हणून जेवले."

पाच वाजून गेले. साडेपाचला फोन आला.

"आई, सहज केला गं. काय करतीयास?"

"तू आता पोचलीस न्हवं? खरंखुरं?"

पलीकडून हुंदका आला. "व्हय आई. आत्ता पोचले."

फोन ठेवून अंबूबाईंनी केरसुणी घेतली आणि उंबऱ्यापाशी वाकल्या. हात काही हलेना.

"एवढं काढलं की ती गेलीच की वो," त्या म्हणाल्या, आणि तिथंच बसून रडायला लागल्या.

जोतीरामांनी त्यांच्या हातातली केरसुणी काढून घेतली. दारात अजून लख्ख ऊन होतं.

"दिवं लागायची येळ झाली," ते म्हणाले. "अशा वक्ताला कुणी केर काढतंय व्हय? उद्या बघू."