गेडियनच्या हातांचा ओळंबा

मी एक जुना, शिशाचा ओळंबा आहे, मित्रांनो. लगेच गवंड्याच्या ओळंब्याशी माझं नातं जोडू नका. तो भिंत सरळ आहे की नाही ते पाहतो आणि मी समुद्राचा तळ किती खोल आहे ते पाहतो. वजन चार किलो, रंग काळपट, अंगावर पोचे. दिसायला मी काही विशेष नाही, हे मला ठाऊक आहे. पण ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नूगालिकच्या खाडीत, माझ्यामागोमाग एक मोठं जहाज आत शिरलं आणि त्याने तीनदा भोंगा वाजवला. तो माझ्यासाठी वाजवला होता. तेव्हा ही गोष्ट मी फार नम्रपणे सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म गेडियन नावाच्या शिकाऱ्याच्या घरी झाला. किनाऱ्याला लागलेल्या एका फुटक्या जहाजातून त्याने शिसं काढून आणलं, चुलीवर वितळवलं आणि मऊ दगडात कोरलेल्या साच्यात ओतलं. वर दोरीसाठी भोक ठेवलं आणि बुडाला एक वाटीएवढा खळगा. त्या खळग्यात सीलची चरबी भरायची. मी तळाला टेकलो की तिथलं जे काही असेल ते चरबीला चिकटून वर यायचं. म्हणजे पाणी किती खोल आहे हे तर मी सांगायचोच, शिवाय खाली काय आहे तेही सांगायचो. माझी दोरी सीलच्या कातड्याची. तिच्यावर गेडियनने दर वावाला, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या अंतराला, एकेक गाठ मारली. दोन्ही हात पसरायचे, एका पंजापासून दुसऱ्या पंजापर्यंत दोरी ताणायची, गाठ मारायची. पुन्हा हात पसरायचे, पुन्हा गाठ. अशा वीस गाठी.

गेडियन बुटका होता. त्याचे हातही आखूड होते. त्याची बायको सगळ्यांदेखत म्हणायची, "हे मला मिठी मारतात ना, तेव्हा माझी अर्धीच पाठ यांना सापडते." आणि गेडियन सर्वांत मोठ्याने हसायचा.

त्या काळी दर उन्हाळ्यात नूगालिकला एक लाकडी मालवाहू जहाज यायचं. पीठ, कॉफी, रॉकेल, काडतुसं, सगळं त्याच जहाजातून. खाडीचं तोंड मोठं फसवं. हिमनदीचं पाणी त्यात उतरतं, ते दुधासारखं पांढरं असतं, त्यामुळे हातभर खालचंही दिसत नाही. मग वस्तीतल्या बायका कातड्याची होडी वल्हवायच्या, गेडियन पुढे उभा राहून मला फेकायचा आणि जहाज आमच्या मागून यायचं. होडीत गेडियनची मुलगी थॉमसिने बसलेली असे. आठ-नऊ वर्षांची. मी वर आलो की माझ्या बुडाला काय चिकटलंय ते बोटाने खरवडून ती ओरडायची, "निळा गाळ!" किंवा "शिंपल्या!" त्यावर गेडियन होडी इकडे की तिकडे ते ठरवायचा. जहाज आत आलं की कप्तान तीनदा भोंगा वाजवायचा आणि गेडियन टोपी काढायचा. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

मग लाकडी जहाज गेलं आणि लोखंडी आलं. नव्या कप्तानाने मला हातात घेऊन पाहिलं, माझ्या गाठी पाहिल्या आणि तो हसला. "हा ओळंबा आहे की पोरांचं खेळणं? मी माझं जहाज एका बुटक्याच्या हातांवर सोडू?" खाडीच्या तोंडाशीच माल उतरवून तो गेला. पुढच्या वर्षी तेवढंही केलं नाही. खाडी उथळ आहे, असा शेरा कुठेतरी लिहिला गेला. दुकान बंद पडलं, मग शाळा, मग एकेक घर. गेडियन शेवटच्या हिवाळ्यात आजारी पडला. त्याने थॉमसिनेला जवळ बोलावलं. "खाडी उथळ नाहीये गं. त्यांच्यात धीर नव्हता. एक दिवस मोठं जहाज आत येईल. आलं की मला येऊन सांग."

त्याला तिथेच, टेकाडावर, दगडांखाली ठेवलं आणि वसंतात सगळी वस्ती तासिलाक नावाच्या मोठ्या गावी राहायला गेली. मीही गेलो.

तिथे मी काय केलं? चाळीस वर्षं दार अडवलं. थॉमसिनेकडे कोणाचा वाढदिवस असला, पोराने पहिला सील मारला, की घर सगळ्यांसाठी उघडं. कॉफीमीक म्हणतात त्याला. दिवसभर माणसं येतात, केक खातात, कॉफी पितात, जातात. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मी उंबऱ्यात. किती जणांच्या बुटांच्या ठोकरा खाल्ल्या, सांगत नाही. वाईट वाटायचं. पण एक सांगायला हवं. दर वसंतात थॉमसिने माझी दोरी खुंटीवरून काढायची आणि बसून चरबी चोळायची. ती कोरडी पडू दिली नाही तिने. या दरम्यान मोटरबोटीने ती दोन-तीनदा नूगालिकला जाऊनही आली. टेकाडावर बसली आणि काही न बोलता परतली. मोटरबोटीने जाऊन ती बापाला काय सांगणार होती?

आता इथे गेडियन पुन्हा येतो. दचकू नका. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं नाव नंतर जन्मणाऱ्या बाळाला देतात आणि नाव मिळालं की तो माणूस परत आला असं धरतात. गेडियन गेल्यावर सहा महिन्यांनी शेजारणीला मुलगा झाला. त्याचं नाव गेडियन ठेवलं. त्या दिवसापासून थॉमसिने त्या तान्ह्या पोराला बाबा म्हणू लागली. तो आता चाळिशीचा झाला आहे, दारातून वाकून आत येतो, आणि 'रिटा' नावाच्या जहाजावर अधिकारी आहे. रिटा उन्हाळ्यात नव्वद प्रवाशांना घेऊन आमच्या दूरच्या बर्फाळ खाड्या दाखवत फिरते. प्रवाशांना इथल्या गोष्टी सांगायला त्याने थॉमसिनेला जहाजावर बोलावलं. तिने कपड्यांच्या पिशवीत मला घातलं.

जहाजावरची मंडळी या दोघांचं बोलणं ऐकून चक्रावून जात. पासष्ट वर्षांची बाई म्हणे, "बाबा, तुम्ही टोपी का घातली नाहीत? सर्दी होईल." आणि चाळीस वर्षांचा माणूस म्हणे, "पोरी, बापाला शिकवू नकोस."

रिटाचा कप्तान योग्वान फॅरो बेटांवरचा. जाडजूड, शांत, हातात कायम कॉफीचा मग. नूगालिकच्या तोंडाशी जहाज थांबलं तेव्हा त्याने नकाशा थॉमसिनेपुढे पसरला. खाडीच्या जागी नुसता कोरा कागद होता.

"आत जायचंय मला, कप्तान," थॉमसिने म्हणाली.

"जायचं तर मलाही आहे. पण माझ्या जहाजाचा तळ पाण्याखाली सहा मीटर असतो, आणि संध्याकाळी ओहोटीने पाणी उतरणार. मला नऊ मीटर दाखवा, मी आत येतो. साडेआठ दाखवलेत तर कॉफी पिऊन माघारी. नव्वद माणसं आहेत माझ्या अंगावर."

बोलणं अगदी रास्त होतं. छोट्या रबरी बोटीत खोली मोजायचं यंत्र होतं, पण हिमनदीच्या त्या गढूळ पाण्यात त्याला वेड लागलं. एकदा चार मीटर म्हणायचं, लगेच तीस. थॉमसिनेने पिशवी उघडली. "बाबा, तुमचा ओळंबा घ्या."

चाळीस वर्षांनी माझ्या बुडात ताजी चरबी भरली गेली. मित्रांनो, त्या गारव्याने मी पुन्हा तरुण झालो! थॉमसिने बोटीच्या इंजिनापाशी बसली आणि उंच गेडियन पुढे उभा राहिला. त्याने मला गरकन फिरवून फेकलं. मी त्या पांढऱ्या पाण्यातून सरळ खाली गेलो आणि टेकलो.

"पाच वाव!" गेडियन ओरडला. बिनतारीवर त्याने कप्तानाला कळवलं. सरकारी वाव म्हणजे एक मीटर अठ्ठ्याऐंशी. पाच वाव म्हणजे नऊ मीटरच्या वर. पलीकडून योग्वान म्हणाला, "शाब्बास. येतो." आणि रिटाचं नाक हळूहळू आमच्याकडे वळलं.

मी ओरडलो. पण शिशाला आवाज कुठला? मला माहीत होतं चूक कुठे होती. पण त्या बोटीत कोणाला शंका येणार? गेडियनचा ओळंबा गेडियनच्या हातात. त्यांच्या लेखी हा तोच माणूस होता, त्यामुळे गाठी कोणाच्या हातांनी मोजल्या हे विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही. बाहेरचा कोणी असता तर त्याने पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

थॉमसिनेने सवयीने माझं बूड खरवडलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"शिंपल्या? बाबा शिंपल्यांवरून जहाज कधी नेत नसत."

"आता नेतो," गेडियन दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "पाच वाव पाणी आहे, पोरी."

दोरी गुंडाळताना तो हात पसरत होता. एक हात इकडे, एक तिकडे. एका गाठीपासून दुसरी गाठ त्याच्या कोपराच्या थोडी पुढे संपत होती. थॉमसिने बघत राहिली. मग इंजिन सोडून ती उठली, तिने दोरी त्याच्या हातातून हिसकावली आणि स्वतःचे आखूड हात पसरले. गाठ बरोबर बोटाच्या टोकाशी आली.

"अगं आई गं! बाबा, तुम्ही या खेपेला उंच झालात!"

"म्हणजे?"

"म्हणजे पाच वाव तुमचे नाहीत! तुमच्या आधीच्या हातांचे आहेत! जहाज थांबवा!"

गेडियनचा चेहरा चरबीसारखा पांढरा पडला. त्याने बिनतारी तोंडाशी धरली. "कप्तान, थांबा! मागे घ्या! साडेसातच मीटर आहे!"

रिटा थरथरली, थांबली, मागे सरकली. काही वेळाने योग्वानचा शांत आवाज आला. "मगाशी नऊ होतं ना?"

"गाठी छोट्या माणसाच्या आहेत. दीड मीटरला एक."

"मग थॉमसिनेचे वडील किती उंच होते, हे मी आधी विचारायला हवं होतं का?" आणि लगेच पुढे म्हणाला, "बाहेरून बर्फ सरकतोय. अर्धा तास देतो."

गेडियनने बिनतारी खाली ठेवली. "माझ्यामुळे जहाज खडकावर चढलं असतं."

"रडायला नंतर वेळ आहे," थॉमसिने म्हणाली. "तुम्ही फेका. खाली काय आहे ते मी बघते. आपल्याला निळा गाळ हवाय. नदीचं पाणी खालून जिथून वाहतं तिथे निळा गाळ असतो, आणि तिथेच खोल असतं. तुम्हीच शिकवलंत ना मला."

मग सुरू झालं, मित्रांनो. मी खाली, मी वर. शिंपल्या. पुन्हा खाली. शिंपल्या. पुन्हा. गोटे. गेडियनचे हात गारठून लाल झाले, थॉमसिनेची बोटं चरबीने माखली. बर्फाचे तुकडे बोटीला घासून जाऊ लागले. वीस मिनिटं गेली. बिनतारीवर योग्वान नुसता खाकरला, पण त्या खाकरण्याचा अर्थ सगळ्यांना कळला. थॉमसिने बोट अगदी उजव्या कड्याखाली घेऊन गेली, जिथे कुणीही खोल पाण्याची आशा धरणार नाही अशा जागी. "फेका."

मी गेलो. सुटलो, सुटलो, सुटतच राहिलो. सहा गाठी, सात, आठ. आणि एका मऊ, गार, चिकट गादीत रुतून बसलो. ती गादी मी लगेच ओळखली.

थॉमसिनेने माझं बूड पाहिलं. बोटाने खरवडलं. मग नऊ वर्षांच्या पोरीसारखी ती बोटीत उभी राहून ओरडली, "निळा गाळ!"

आठ वाव, गेडियनच्या हातांचे. बारा मीटर! तिथून पुढे मी दर थोड्या अंतरावर खाली जात राहिलो. निळा गाळ, निळा गाळ, निळा गाळ. आमची चिमुकली बोट पुढे आणि रिटा आमच्या मागून, अगदी सावकाश, कड्याला अंग चोरत. नव्वद माणसं कठड्याशी उभी होती आणि दर खेपेला मला वर येताना बघत होती. मग कडा मागे सरला आणि खाडी उघडली. समोर कललेल्या, बिनदारांच्या घरांची नूगालिक वस्ती होती.

योग्वानने भोंगा वाजवला. एकदा. दोनदा. तीनदा. डोंगरांनी तो परत परत वाजवला. त्याला तीनदाच वाजवायला कोणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. उंच गेडियनने काही न कळता टोपी काढली.

त्या दुपारी किनाऱ्यावर कॉफीमीक झाला. जहाजातून केक आले, कॉफीचे हंडे आले. नूगालिकमध्ये चाळीस वर्षांनी पाहुणे आले होते, आणि थॉमसिने प्रत्येकाला घरच्या बाईसारखी "घ्या, अजून घ्या" म्हणत होती. योग्वानने नकाशावरच्या कोऱ्या जागी पहिले आकडे लिहिले. मीटरमध्येच लिहिले. पण कोपऱ्यात त्याने बारीक अक्षरात नोंद केली: गेडियनच्या हातांनी मोजलेले.

मग थॉमसिने मला घेऊन टेकाडावर गेली. उंच गेडियनही गेला. दगडांच्या राशीशी दोघं उभी राहिली. खाली खाडीत रिटा उभी होती, पांढरीशुभ्र, नूगालिकच्या सगळ्या घरांपेक्षा उंच. थॉमसिनेने दगडांकडे पाहिलं. मग मान वर करून शेजारच्या माणसाकडे पाहिलं.

"बाबा, आत आलं हो जहाज."

एरवी तो काहीतरी थट्टा करतो. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

"मग? सांगितलं होतं ना तुला, पोरी," तो म्हणाला, आणि ती त्याच्या लांब हातांत शिरून रडली. तिची सगळी पाठ त्या हातांत मावली.

आता मी रिटाच्या नकाशांच्या खोलीत खिळ्यावर असतो. माझ्या शेजारी एक नवी दोरी आहे, उंच गेडियनच्या वावांची, आणि तिच्यावर तसं लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे. जुनी दोरीही तिथेच आहे. कोणी तिला हात लावत नाही, फक्त वसंतात थॉमसिने येते आणि चरबी चोळते. मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात माझ्यासारखं काहीतरी दार अडवत पडलं असेल. त्याला तेलपाणी करा. आणि ते कोणाच्या हातचं आहे, एवढं घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा. एखाद्या दिवशी मोठं जहाज आत आणायचं असेल, तेव्हा तेवढंच माहीत असणं पुरतं.