आईची बाजू

तिनं माइक स्वतःकडे ओढला तेव्हा बोलायची पाळी तिची नव्हती.

"अध्यक्ष, हे खोटं आहे. आई असं कधीच म्हणाली नव्हती."

औषधवाले सभासद अजून उभेच होते. त्यांची औषधांची दुकानं होती, शिवाय घरोघर नर्स पुरवायचा धंदाही. आताच ते सांगत होते, की या खुर्चीत पूर्वी बसणाऱ्या बाई आयुष्यभर एकच सांगत आल्या : सरकारनं कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नये. तेव्हा अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नगरपालिकेनं नर्स पाठवायची, हा ठराव म्हणजे बाईंच्या शिकवणीला हरताळ फासणं.

ठराव तिचा होता, खुर्ची आईची. आई गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर ती निवडून आली होती.

"खोटं?" औषधवाले हसले. "पोरी, तुझ्या आईबरोबर या सभागृहात केस पांढरे केलेत मी. मग काय म्हणायच्या त्या? सांग की."

गप्प बसणं सोपं होतं. सभागृह मधोमध दुभंगलं होतं, पण बेकरीवाली सभासद सकाळीच जिन्यात म्हणाली होती, "माझा हात तुझाच समज." तेवढ्या एका हातानं ठराव पार पडत होता. उद्या सांगते म्हणून ती खाली बसली असती, तरी कुणी अडवलं नसतं.

पण त्या माणसाच्या तोंडून आईनं असलं काही बोलावं, हे तिच्यानं ऐकवेना.

"आई म्हणायची, सरकारनं उंबऱ्याच्या आत यावं. जरूर यावं. पण दार वाजवून यावं, आणि आत आल्यावर घरातल्यांना बाहेर काढू नये."

आजारपणात दोघी याच विषयावर भांडल्या होत्या. आईला कूस बदलायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागायचा, पण वादात ती हार जाणारी नव्हती. "थांब, आधी उशी नीट कर, मग तुझा मुद्दा खोडते." लेकीचं म्हणणं, माणूस आडवा झाला की देखभाल हा त्याचा हक्क. श्रीमंत की गरीब, मुलंबाळं आहेत की नाहीत, काही विचारायचं नाही. सरकारनं करायचं आणि कायमचं करायचं. आई म्हणायची, "तुला सगळं एकदम हवं असतं. लहानपणी जिनासुद्धा उड्या मारत उतरायचीस. गुडघे कुणी पुसायचे?"

आता आईचे मुद्दे ती सभागृहात मांडत होती, आणि मांडता मांडता तिच्या लक्षात आलं, की आपले स्वतःचे मुद्दे आपल्याला इतके पाठ नाहीत.

"ज्यांना कुणीच नाही त्यांच्यापासून सुरुवात करा, म्हणायची. ज्यांना माणसं आहेत त्यांनी आपला वाटा उचलावा. सरकारनं त्यांना हातभार लावावा, त्यांची जागा घेऊ नये. तीन वर्षं करून बघा, मग पुन्हा बसा. हक्क म्हणून एकदा दिलं, की त्यातली चूकसुद्धा हक्काची होऊन बसते." ती थांबली. "शेजारच्या वहिनी रोज येऊन तिची वेणी घालायच्या. आई म्हणायची, पगारी नर्स आली की वहिनी म्हणतील, आता माझं काय काम? नर्स गोळ्या देईल गं, पण गल्लीतल्या चहाड्या कोण सांगणार?"

सभागृह हसलं. बेकरीवालीनं पदरानं डोळे टिपले.

अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे बाईंचं झालं. तुमचं काय?"

"आई सगळ्यांना आवडायची, म्हणून वहिनी यायच्या. जो कुणालाच आवडत नाही, त्याच्याकडे कोण येणार?"

एवढंच बोलून ती बसली.

बेकरीवाली उभी राहिली ती तिच्याकडे न बघताच. "मला दोघींचं पटतं. पण आधी बाईंचं करू या. एवढं जमलं तर पुढचं बघू. मी तशी दुरुस्ती सुचवते."

दुरुस्तीच्या बाजूनं हात वर झाले. कालपर्यंत ठरावाला नाकं मुरडणाऱ्यांचेही झाले. अध्यक्षांनी विरोधातले हात विचारले, तर दोनच : औषधवाल्यांचा आणि तिचा.

औषधवाले मान वाकडी करून तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, तुझ्या आईचंच आहे की ते!"

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि हात आणखी ताठ केला.

घरी पोचली तेव्हा वडील दोरीवरच्या चादरी काढत होते. आईची खाट रिकामी होती, तरी तिच्यावरची चादर ते अजून बदलायचे.

"काय झालं गं?"

"आईचं मंजूर झालं."

"आणि तुझा हात?"

"विरोधात."

वडिलांनी चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली आणि दुसरी दोन स्वतः धरली. दोघांनी मिळून घडी घातली.

"बरं केलंस. बाजूनं दिला असतास, तर आई म्हणाली असती, कार्टी मेलेल्या माणसाला सवलत देते."

ती हसली आणि खाटेच्या कडेला बसली. चादरीवरून हात फिरवता फिरवता एकदम म्हणाली, "बाबा, कोपऱ्यावरचा तो म्हातारा शिंपी. पडल्यापासून उठला नाही म्हणतात."

"त्याचं नाव नको काढूस. फाटक्या तोंडाचा. सगळी गल्ली तोडली त्यानं."

"दोन मुलगे आहेत त्याला. येत नाहीत, पण आहेत. म्हणजे आईच्या योजनेत तो बसत नाही."

"मग?"

"मग चप्पल घाला."

वडील आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि धुतलेली एक चादर घेऊन आले.

शिंप्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तरी तिनं कडी वाजवली. आतून आईमाईवरून एक सणसणीत शिवी आली.

"आहेत घरी," ती म्हणाली, आणि दार ढकललं.